शून्य खोडून एक

माझा स्वभाव पहिल्यापासून तापट. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, म्हणजे पुढचं वाचताना कुणाला मी फार सोज्वळ वाटायला नको. वर्गात एखाद्यानं तेच गणित तिसऱ्यांदा चुकवलं की माझ्या हातातला खडू कट्‌कन मोडायचा. माझे वडील जळगावला डाळ मिलमध्ये कामाला होते. त्यांना आम्ही नाना म्हणायचो. ते मला नेहमी चिडवायचे, "तू पोरांना गणित शिकवतेस का तळून काढतेस?"

तर ही हकिगत त्या तळून काढण्याच्या दिवसांतली. नव्वद साल उलटून चार-पाच वर्षं झाली असतील. बी.एस्सी., बी.एड. करून मी शिंदखेडा तालुक्यातल्या एका खेड्यात, खासगी संस्थेच्या हायस्कूलमध्ये गणिताची शिक्षिका म्हणून लागले होते. राहायला दोंडाईच्याला एक खोली आणि तिथून रोज एस.टी.नं जाणं-येणं. मिरचीच्या हंगामात खिडकी उघडली की शिंकांवर शिंका. घरमालकीण अक्का म्हणायच्या, "हाऊ ठसका लागना म्हणजे तू आते दोंडाईचानी व्हयनी." पण दोंडाईच्याची होणं माझ्या शिंकांवर नव्हतं, संस्थेच्या संचालकांवर होतं. दोन वर्षांचं प्रोबेशन होतं. ते संपलं की संचालकांनी बैठकीत ठराव करायचा, मग मी परमनंट. नाहीतर पिशवी उचलून परत जळगाव.

आमच्या वस्तीत गणित घेऊन बी.एस्सी. झालेली मी पहिलीच. निकाल लागला तेव्हा विहारात बुंदी वाटली होती. आणि नानांनी तर मिलमध्ये आधीच सांगून ठेवलं होतं की पोरगी परमनंट झाली. मी म्हटलं, "अहो नाना, अजून कुठं?" तर म्हणाले, "व्हनारच शे ना! आज सांगं काय आन उद्या सांगं काय." आता ह्या माणसाला कोण समजावणार? त्या दिवसापासून परमनंट हा शब्द माझ्या डोक्यात बसला तो उठेना.

दुसऱ्या वर्षाच्या शेवटी शाळेत एक पत्र आलं. पुण्याच्या एक संशोधक ताई धुळे जिल्ह्यातल्या काही शाळांत येणार होत्या. बऱ्याच देशांतल्या मुलांना एकच गणिताची चाचणी देतात आणि मुलं कुठं पुढं जातात, कुठं अडतात ते बघतात. त्या चाचणीतले जाहीर झालेले प्रश्न ताईंनी मराठीत आणले होते. ते आपल्याकडच्या आठवीच्या मुलांना घालून बघायचे. निकाल लावायचा नाही, शाळेचं नाव कुठं छापायचं नाही. पत्रात हे सगळं स्वच्छ लिहिलं होतं. पण आमच्या हेडसरांनी पहिल्या ओळीतला 'आंतरराष्ट्रीय' हा शब्द वाचला आणि ते खुर्चीतून उठलेच.

हेडसर मनानं फार चांगले. मराठी शिकवायचे आणि आवाज असा की नववीचा तास सुरू असला तर पाचवीला पाठ व्हायचं. दुसऱ्या दिवशी प्रार्थनेला त्यांनी जाहीर करून टाकलं, "आपल्या शाळेचा पेपर जगात जाणार आहे!" मग काय विचारता! मैदानात पांढऱ्या फक्कीच्या रेघा मारल्या. आठवीच्या मुलांनी गणवेश धुऊन, डोक्याला तेल लावून यावं असा हुकूम निघाला. मी म्हटलं, "सर, पेपर जाणार आहे, मुलं नाही." तर माझ्याकडं बघून म्हणाले, "बाई, तुम्हाला चेष्टा सुचते. बैठक पंधरा दिवसांवर आली. तुमच्या परमनंटचा विषय त्यात आहे. हा पेपर झकास गेला तर मला चार लोकांत बोलायला तोंड राहील." माझी चेष्टा तिथंच जिरली.

ताई आल्या त्या सकाळच्या गाडीनं. चाळिशीच्या आत-बाहेर, सुती साडी, खांद्याला भली मोठी झोळी. फक्कीच्या रेघा बघून त्यांना हसू आलं असावं, पण त्यांनी ते दाखवलं नाही. त्यांना त्याच दिवशी दुसऱ्याही एका शाळेत जायचं होतं. म्हणून पेपरांचा गठ्ठा माझ्या हवाली केला आणि सूचना दिल्या: सगळं पेन्सिलनं लिहायचं, चित्र काढलं तरी चालेल, कुणाला काही सांगायचं नाही, आणि गठ्ठा उद्या दुपारी त्या येऊन घेऊन जाणार. निघताना एवढंच म्हणाल्या, "बाई, मुलांनी काहीही लिहिलं तरी मला ते हवंय." मी मान हलवली. कान माझे त्यांच्याकडं होते, डोकं बैठकीत होतं.

पेपर छान पार पडला. तेलानं चप्प बसवलेली चाळीस डोकी तासभर खाली वाकलेली. मी वर्गात फेऱ्या मारत होते आणि कुणाच्याही कागदात डोकावत नव्हते. इतकी मी प्रामाणिक, बरं का! शाळा सुटली, पोरं पांगली. माझ्या एस.टी.ला तास-सव्वा तास अवकाश होता. शिक्षकांच्या खोलीत मी एकटीच. गठ्ठा समोर. म्हटलं, नुसतं चाळून बघू.

आकडेमोडीचे प्रश्न झकास सोडवलेले. अपूर्णांक, टक्के, सगळं जिथल्या तिथं. मी खूश. मग शेवटचा प्रश्न आला. जमिनीचा एक वीस मीटर लांबीचा सरळ पट्टा आहे, त्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत दर दोन मीटरवर एक झाड लावायचं, तर झाडं किती लागतील? खाली चित्राला जागा, आणि उत्तराला एक चौकट. उत्तर अकरा. मधल्या जागा दहा, पण झाड दोन्ही टोकांना, म्हणून एक जास्त. पहिल्या पेपरात उत्तर दहा. दुसऱ्यात दहा. तिसऱ्यात दहा. मी भराभरा पानं उलटली. दहा, दहा, दहा! कप्पाळ माझं! एकालाही अकरा सुचू नये? जगातल्या पोरांच्या रांगेत माझा अख्खा वर्ग एका झाडानं मागं, आणि संचालक विचारणार, गणिताला बाई कोण आहेत?

मग राग आला. पोरांचाच राग आला, माझा नाही. आणि त्या रागात मी टेबलाच्या खणातलं खोडरबर काढलं. देवनागरीत दहा आणि अकरा ह्यांत फरक तो किती? शून्य खोडायचं आणि एक लिहायचा. एका पानाला दहा सेकंदसुद्धा लागत नाहीत. चार-पाच पानं तशीच ठेवली, संशय नको म्हणून. बघा, चोराला अक्कल कशी भराभर सुचते! बाकी सगळी केली. गठ्ठा बांधला, कपाटात ठेवला, आणि एस.टी. पकडली.

दुसऱ्या दिवशी दुपारी ताई आल्या. चहा आला, हेडसर त्यांच्या शेजारी बसले. ताईंनी गठ्ठा सोडला आणि तिथंच पानं बघायला लागल्या. शेवटच्या प्रश्नापाशी त्या थांबल्या. पेन्सिलीच्या टोकानं चित्रातली झाडं मोजली. पुढचं पान काढलं, पुन्हा मोजली. तेव्हा माझ्या ध्यानात आलं की मी चित्रं बघितलीच नव्हती. मी फक्त चौकटी बघितल्या होत्या.

"गंमत आहे," ताई म्हणाल्या. "ह्या मुलीनं चित्र किती नीट काढलंय बघा. झाडं दहा. आणि उत्तर अकरा. चित्र स्वतःचं आहे, उत्तर कुणाचं तरी बघून लिहिलेलं दिसतंय."

त्यांनी हे सहज म्हटलं होतं. पण हेडसरांच्या कानात 'बघून लिहिलेलं' एवढंच शिरलं. "कॉपी? आंतरराष्ट्रीय पेपरात कॉपी?" खोलीची कौलं हलली. त्यांनी पेपरावरचं नाव वाचलं आणि शिपायाला पिटाळलं.

आली ती माझ्या वर्गातली सगळ्यांत गप्प मुलगी. तिचं कुटुंब सातपुड्याच्या पायथ्याचं. कापूस वेचणीला खाली आलं आणि एका शेतावर राहिलं ते तिथंच रुजलं. घरातली बोली वेगळी, गावातली वेगळी, शाळेतली तिसरीच. त्यामुळं ही पोर तोंड म्हणून उघडायची नाही. माझ्या हातून मोडलेल्या खडूंपैकी निम्मे तरी तिच्यापायी मोडलेले. हेडसर गरजले, "कुणाचं बघून लिहिलं? खरं सांग, नाहीतर नाव कमी करतो!"

तिनं टेबलावरच्या आपल्या कागदाकडं बघितलं. बराच वेळ बघितलं. मग मान वर करून माझ्याकडं बघितलं. मी लिहिलेला एकाचा आकडा खाली जरा लांब शेपटी काढतो. वर्षभर फळ्यावर तिनं तो बघितला होता. तिला कळलं होतं. आणि तरी ती खाली मान घालून उभी राहिली.

ती बोलली असती तर मला सोपं गेलं असतं, हो. मी नाकबूल तरी केलं असतं. पण ती गप्प राहिली. बैठक दिसत होती, नाना दिसत होते, सगळं दिसत होतं. मी म्हटलं, "सर, तिनं दहाच लिहिलं होतं. अकरा मी केलंय. जवळजवळ सगळ्यांचं मीच केलंय."

हेडसर मटकन खाली बसले. इतक्या मोठ्या आवाजाचा माणूस, पण त्यांच्या तोंडून कसंबसं निघालं, "बाई, हे काय केलं तुम्ही?"

मला वाटलं, आता ताई गठ्ठा उचलतील आणि तडक निघून जातील. त्या जागच्या हलल्या नाहीत. त्या मुलीला त्यांनी शेजारच्या स्टुलावर बसवलं, आपला चहा तिच्यापुढं सरकवला आणि विचारलं, "दहा कसे आले गं? मला दाखव."

मुलगी कुजबुजावं तशी बोलली, "बांधवर कोन झाड लावस?"

आम्हाला काही उमगेना. मग तिनं चित्रावर बोट ठेवलं. पट्ट्याच्या दोन्ही टोकांना बांध. बांधावर झाड लावलं तर मुळ्या आणि सावली शेजाऱ्याच्या शेतात जाणार, आणि मग जन्माचं भांडण. म्हणून अलीकडं एक मीटर सोडायचा, पलीकडं एक मीटर सोडायचा, आणि मधे दर दोन मीटरवर झाड. मोजा. दहा. एका मीटरची ती अर्धी जागा तिनं चित्रात दोन्हीकडं अगदी बेतानं सोडली होती. मी, बी.एस्सी. गणित, तोंडाचा आ करून बघत राहिले.

ताईंनी झोळीतून एक वही काढून माझ्यापुढं ठेवली. त्या वहीत प्रत्येक प्रश्नाला एक पान होतं. बरोबर उत्तराला खुणेचे एक-दोन आकडे नेमून दिलेले, आणि चुकीच्या उत्तरांना कितीतरी. नुसता भागाकार केला तर हा आकडा, चित्र बरोबर पण मोजणी चुकली तर हा, काहीच लिहिलं नाही तर हा. ताई म्हणाल्या, "बरोबर उत्तरं मला सगळीकडं सारखीच मिळतात हो. गाव कळतं, शाळा कळते, शिकवणं कळतं, ते चुकांवरून. तुम्ही चुका खोडल्यात, तर मी घेऊन काय जाऊ?" आणि मग वहीत एक नवा आकडा घालून त्यापुढं त्यांनी 'बांध' असं लिहिलं.

त्यांनी मला रागावायला हवं होतं. रागावल्या असत्या तर मी चार दिवसांत विसरले असते. त्यांनी त्याऐवजी मला कामाला लावलं. धुळ्याला जाणं दोन दिवस पुढं ढकललं, आणि हेडसरांना म्हणाल्या, "ह्या बाई मला हव्यात." आम्ही दोघी शेवटच्या वर्गात बसलो. एकेका मुलाला बोलवायचं, त्याचं पान त्याच्यापुढं ठेवायचं, खोडाखोड माझी आहे हे मीच सांगायचं, आणि विचारायचं, तू काय लिहिलं होतंस आणि का? पस्तीसेक वेळा मला ते वाक्य म्हणावं लागलं. पहिली पाच-सहा पोरं होईपर्यंत माझे कान लाल. पण 'का' हा प्रश्न मी मुलांना कधी विचारलाच नव्हता, हेही मला तिथंच कळलं. मी 'किती' विचारायचे आणि उत्तर यायच्या आत चिडायचे.

सगळीच पोरं त्या मुलीसारखी निघाली असं सांगायला मला फार आवडलं असतं. तसं काही नव्हतं. बांध सांगणारी सात-आठच, तीही बहुतेक घरी शेतात राबणारी. बाकीच्यांनी खांदे उडवले. "वीस भागिले दोन, बाई. 'दर' आलं की भागाकार." हे वाक्य माझंच होतं. पेपर लवकर सुटावा म्हणून मी ती युक्ती शिकवली होती, आणि वर्गाकडून एका सुरात म्हणूनही घेतली होती. तेच दहा, पण एकाच्या दहामागं अख्खं शेत आणि दुसऱ्याच्या दहामागं नुसती मी. कागदावर दोन्ही सारखेच दिसत होते. ताई एक शब्द बोलल्या नाहीत, फक्त वेगवेगळे आकडे टाकत गेल्या. त्यांच्या त्या न बोलण्याचे माझ्यावर किती उपकार आहेत ते मलाच ठाऊक.

बैठक झाली. हेडसरांनी काही लपवलं नाही आणि काही वाढवूनही सांगितलं नाही. संचालकांपैकी दोघांनी काढून टाका म्हटलं. तेव्हा हेडसर उभे राहिले आणि त्यांनी आपला तो आवाज माझ्यासाठी लावला, असं मला नंतर शिपायानं सांगितलं. परमनंट केलं नाही. प्रोबेशन एक वर्ष वाढवलं. रविवारी मी जळगावला गेले आणि नानांना सगळं सांगितलं. मिलमधल्या लोकांना आता काय सांगणार, ह्या काळजीनं मी अर्धी झाले होते. नाना ऐकून घेत गेले. शेवटी म्हणाले, "तूच सांगं ना? कोनी पकडं तर नही ना?" मी म्हटलं, "मीच सांगितलं." म्हणाले, "मंग बठ्ठं ठीक शे. जेव आता." त्या माणसाची मी मुलगी आहे हे माझं नशीब, दुसरं काय म्हणू.

पण त्या दोन दिवसांतला शेवटचा मुलगा अजून सांगायचा राहिलाय. तो वर्गातला पहिल्या नंबरचा. माझ्यावर एकदाही खडू मोडायची वेळ आणली नाही असा तो एकटाच. त्याचं पान हातात घेतलं आणि बघितलं, तर उत्तराच्या चौकटीत माझ्या एकाच्या कडेला कागदाला भोक पडलेलं. शून्याच्या जागी मी एकदा खोडलं होतं, एकदाच खोडून भोक पडत नाही. आणि चित्रात झाडं दहा, पण पट्ट्याच्या टोकाला अकराव्या झाडाचा पुसट वण.

मी विचारलं, "हे काय रे?"

तो म्हणाला, "आधी अकराच लिहिलं होतं, बाई. चित्रात अकराच येत होते. मग आठवलं, तुम्ही सांगितलंय, 'दर' आलं की भागाकार. भागाकार केला तर दहा. म्हटलं, आपलंच चित्र चुकलं असणार. मग झाड खोडलं आणि दहा केलं."

त्यानं माझ्यावर भरवसा ठेवून स्वतःचं बरोबर उत्तर खोडलं होतं, आणि मी भरवसा न ठेवता त्याचं चुकीचं उत्तर खोडून पुन्हा अकरा लिहिलं होतं. ताईंनी पेन्सिल खाली ठेवली आणि त्या खिडकीबाहेर बघायला लागल्या. माझे डोळे भरून आले, आणि पोरासमोर आले ह्याची मला लाजही वाटली नाही. मी त्याला म्हटलं, "तुझं बरोबर होतं. माझं चुकलं."

तो घाबरून उठूनच उभा राहिला. "नाही बाई," तो म्हणाला, "तुमचं कसं चुकेल?"

संस्थेनं मला एक वर्ष वाढवून दिलं होतं. ते अख्खं वर्ष मला त्याला हे पटवायला लागलं.